हळद पडलेली विहीर

"काका, टाक्या नेमक्या कुठं होत्या, तेवढं दाखवाल का?"

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीनं मला हे विचारलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टॅब, पायात दणकट बूट. आम्ही उभे होतो तिथं पूर्वी आमचं प्लेटिंग शॉप होतं. आता राडारोडा, वेड्या बाभळी आणि मधोमध एक पोकलेन. शेडचे सिमेंटचे पत्रे, गर्डर, इतकंच काय जमिनीतली केबलसुद्धा भंगारवाल्यांनी उपसून नेलेली. १९८३ ते २००९, सव्वीस वर्षं मी या जागेत काढली, आणि तरी पाच मिनिटं मला दिशाच लागेना. शेवटी नासर्डी नदीकडचा कंपाउंडचा कोपरा सापडला, तिथला कडुनिंब सापडला, आणि तिथून पावलं मोजत आलो.

"इथं निकेल. इथं क्रोम. मध्ये धुण्याच्या तीन टाक्या. आणि इथं..." मी जरा थांबलो. "इथं शोषखड्डा."

तिनं टॅबवर टिंब टाकलं. "शोषखड्डा नकाशात नाहीये काका."

नसणारच. नकाशा मंजुरीसाठी काढतात, शोषखड्डा गरजेसाठी.

सातपूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन मी या कारखान्यात लागलो. पहिल्या वर्षी प्लेटिंगचा एक माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, म्हणून मला तिकडं ढकललं. तिथंच हेल्परचा सुपरवायझर झालो. आमची जागा एमआयडीसीची नव्हती. एमआयडीसीचे प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेकरारानं मिळतात, मालकी महामंडळाचीच राहते. आमच्या शेठनी जमीन थेट शेतकऱ्याकडून घेतलेली, पिंपळगाव बहुल्याच्या अंगाला, विकास आराखड्यात औद्योगिक पट्ट्यात. पुढं शहर चालत चालत आमच्या कंपाउंडला येऊन टेकलं आणि अशा जमिनींना सोन्याचा भाव आला. कारखाना हलवायचा नाहीतर बंद करायचा, आणि जमीन 'आय टू आर' करून घ्यायची. इंडस्ट्रियलची रेसिडेन्शियल. नाशिकच्या जमिनीच्या धंद्यात हा शब्द आता रिक्षावाल्यालाही माहीत आहे.

ज्यांनी प्लेटिंग बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जॉब आधी बफिंगला जातो, मग तेल काढायला गरम कॉस्टिकमध्ये, मग ॲसिडमध्ये, मग निकेलच्या टाकीत, आणि शेवटी काही मिनिटं क्रोममध्ये. मोटारसायकलच्या हँडलवर जी चमक दिसते ती बरीचशी खालच्या निकेलची. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी. पण त्या तेवढ्या थरासाठी टाकीत लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड लागतं. डब्यातून गडद लाल पापड्या येतात. पाण्यात टाकल्या की डाळिंबाच्या रसासारखा रंग. टाकीत सोडलेल्या विजेतली ऐंशी-नव्वद टक्के वीज क्रोम बसवायच्या कामीच येत नाही, ती नुसते हायड्रोजनचे बुडबुडे काढते. बुडबुडा फुटला की ॲसिडचा बारीक तुषार उडतो, आणि टाकीवर वाकलेला माणूस तो ओढतो.

आम्ही नाकात व्हॅसलीन लावून उभे राहायचो. तुषार कमी व्हावा म्हणून टाकीवर प्लास्टिकच्या गोळ्या तरंगत ठेवतात, त्या आमच्याकडं बऱ्याच उशिरा आल्या. १९९४ साली डॉक्टरांनी माझ्या एका नाकपुडीत बॅटरी मारली आणि दुसरीतून उजेड बघितला. पडद्याला भोक. दुखत काही नाही, फक्त रात्री श्वास घेताना शिट्टी वाजते. बायको म्हणते, आपल्याकडं चोर यायचे नाहीत, घरातच गुरखा आहे.

आता ते धुण्याचं पाणी. जॉब क्रोममधून उचलला की त्याच्या अंगाला लागून पिवळं पाणी बाहेर येतं, ते धुवावं लागतं. कागदोपत्री हे पाणी आमच्या ट्रीटमेंट प्लांटला जायचं. प्लांट होता, खोटं कशाला बोलू. मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळ्याचं हिरवं होतं. मग चुना टाकून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी सोडायचं. पण मेटाबायसल्फाइटला पैसे पडतात, आणि महिनाअखेरीला माल निघायचा असला की दम कुणाला असतो? तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर आदल्या रात्री प्लांट धुऊन लख्ख. एरवी अर्धंअधिक पाणी शेडमागच्या शोषखड्ड्यात. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यांत मीही होतो. सुपरवायझर दुसरं काय करतो?

आणि गाळ. तो साठला की टाकायचा कुठं? १९९६ च्या पावसाळ्याआधी एका रविवारी आम्ही सहा जणांनी मिळून मागच्या खोलगटात गाळाची पिंपं रिती केली, वरून मुरूम टाकला, रोलर फिरवला. दुप्पट ओव्हरटाइम मिळाला. त्या पैशात मी घरी मिक्सर आणला, तो अजून चालतो. नंतर त्या जागेवर ट्रक उभे राहायचे.

जागेत शेतकऱ्याच्या काळातली विहीर होती. घडीव दगडाचं बांधकाम, आत उतरायला पायऱ्या, उन्हाळ्यातही पाणी. आम्ही ते पीत होतो. १९९० च्या उन्हाळ्यात एकदा डबा खायला बसलो असताना हेल्परनं इनॅमलच्या पांढऱ्या मगात पाणी आणलं. मग माझ्या हातात आला तेव्हा आत तळापाशी पिवळसर झाक दिसली. मी तो उन्हाकडं धरला. झाक तशीच. "विहिरीत हळद पडली काय रे?" हेल्पर म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून प्यायचं पाणी बाहेरून यायला लागलं. विहिरीचं पाणी मात्र पुढं चार वर्षं आम्ही धुण्याच्या टाक्यांना वापरलं. पिवळ्यात पिवळं, कोण बघतो. मग विहिरीत राडारोडा भरून ती बुजवली.

कंपनी बंद पडली तेव्हा आमची ग्रॅच्युइटी आणि शेवटचे पगार लटकले. युनियनची तारीख पे तारीख. तेरा वर्षं गेली. तिघे तर वारले. आणि २०२२ साली अचानक फोन, चेक घेऊन जा. मला वाटलं शेठच्या पोरांना उपरती झाली. नंतर कळलं, औद्योगिक जमीन निवासी करायची असेल तर कामगारांची देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला लागतो. तो राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतच आहे. म्हणजे आमच्या घामाची आठवण जमिनीच्या भावानं करून दिली. असो, पैसे मिळाले. नियम करणाऱ्याचं भलं होवो.

पण त्या दिवशी चेक खिशात घालून घरी येताना एक गोष्ट डोक्यात आली ती गेलीच नाही. आमची देणी विचारली, मातीची कुणी विचारली का? मला नंतर त्या व्यवहाराची जी फाइल बघायला मिळाली तिच्यात अग्निशमन होतं, ड्रेनेज होतं, झाडांची मोजणी होती, कर्जाचा बोजा कमी केल्याची नोंद होती. सातबाऱ्यावर विहीर असते, झाडं असतात, इतर हक्कांच्या रकान्यात पंजोबांच्या सोसायटीचं कर्जसुद्धा असतं. त्या जमिनीत सव्वीस वर्षं काय मुरलं, याला रकाना नाही.

मग ही हेल्मेटवाली मुलगी आली कुठून? बिल्डरला ज्या फंडाकडून पैसे घ्यायचे होते त्यांची अट होती, माती तपासल्याशिवाय पैसे नाहीत. बाहेरचा फंड. पुण्याच्या सल्लागारांना काम मिळालं, त्यांची ही इंजिनिअर. तिनं आधी युनियनच्या जुन्या माणसाला गाठलं, त्यानं माझा नंबर दिला. मला तिचं हे आवडलं. मशीन लावण्याआधी ती माणसं शोधत होती.

मी तिला शोषखड्डा दाखवला, विहीर दाखवली. गाळाचा खड्डा दाखवायला मात्र दोन दिवस घेतले. रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सगळं सांगितलं, रोलरसकट. मग विचारलं, "ताई, माझ्यावर काही येणार नाही ना?" ती हसली नाही, हे बरं झालं. म्हणाली, "काका, तुम्ही नोकर होता. तुम्ही सांगितलं नसतं तर मात्र तिथं लहान मुलांची घसरगुंडी आली असती." तिच्याकडच्या प्लॅनवर खरंच त्या जागी बाग होती.

मग पोकलेननं खड्डे घेतले. ठरावीक अंतरावर, अर्धा मीटर, एक, दोन, तीन मीटरवरून माती. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, मग काळा पाषाण. ती एक बंदुकीसारखं यंत्र मातीला लावायची आणि आकडे यायचे: क्रोमियम, निकेल, शिसं. पहिल्याच दिवशी तिचा मदतनीस घाबरला, कारण कंपाउंडबाहेरच्या शेतातल्या मातीतही क्रोमियम भरपूर निघालं. ताईंनी त्याला समजावलं ते मीही ऐकून घेतलं. आपली जमीन बसाल्टची, तिच्यात क्रोमियम मुळातच असतं. पण ते तीन संयुजेचं, मातीला धरून बसलेलं, निरुपद्रवी म्हणावं असं. आमच्या टाकीतलं सहा संयुजेचं. ते पाण्याबरोबर पळतं आणि कॅन्सर करतं. यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळं नुसता एकूण क्रोमियमचा रिपोर्ट कुणी नाचवला, चांगला म्हणून किंवा वाईट म्हणून, तर त्यावरून नाशिकच्या मातीचं काहीच कळत नाही.

फरक करायची युक्ती मला ठाऊक होती, आमच्या लॅबमध्ये आम्ही तीच करायचो. माती पाण्यात हलवायची, पाणी गाळायचं, थोडं ॲसिड आणि डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब. सहावालं क्रोमियम असेल तर पाणी गुलाबी होतं, जास्त असेल तर जांभळं. शोषखड्ड्याच्या तीन मीटरवरच्या मुरमाला हाताला पिवळे डाग लागत होते. त्याची बाटली ताईंनी माझ्या हातात दिली, "टाका काका तुम्हीच." मी थेंब टाकला. पिकल्या जांभळासारखा रंग, एका क्षणात, पंधरा वर्षं बंद असलेल्या कारखान्याच्या पोटातून. मी बाटली खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेलो.

गंमत म्हणजे ज्या गाळाच्या खड्ड्यानं माझी झोप उडवली तो त्या मानानं गुणी निघाला. गाळ हिरवट, बराचसा चुन्यानं बसलेला तीन संयुजेचा, जागचा फारसा हललेला नाही. नाव ठेवायला जागा होती ती शोषखड्ड्याला, ज्याच्याबद्दल आम्ही कधी विचारच केला नव्हता. पाणी मुरमातून खाली गेलं, पाषाणाच्या भेगांत शिरलं आणि नासर्डीच्या उताराला लागलं. महापालिका तिला नंदिनी म्हणते, आम्ही नासर्डीच म्हणतो. वाटेत आमची विहीर.

कुठवर साफ करायचं याचा आकडा त्यांनी कॅनडाचा धरला: घरांच्या जागेसाठी मातीत सहा संयुजेचं क्रोमियम किलोला ०.४ मिलिग्रॅमपर्यंत. पाण्यासाठी आपलंच भारतीय मानक, लिटरला एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम.

गाळ खोदून, झाकलेल्या ट्रकमधून, मॅनिफेस्टच्या कागदांसकट रांजणगावला गेला, घातक कचऱ्याच्या जागेवर. शोषखड्ड्याची माती तेवढी उचलायची म्हणजे किती ट्रक आणि किती पैसे, आणि खाली पाषाणात पोकलेनचा दात चालत नाही. म्हणून तिथं हिराकस वापरलं. होय, तेच फेरस सल्फेट, आपले द्राक्षवाले पानं पिवळी पडली की देतात ते. लोखंड स्वतः गंजतं आणि क्रोमियमला सहावरून तीनवर आणतं. म्हणजे आमच्या प्लांटमध्ये मेटाबायसल्फाइटनं जे करायचं होतं तेच काम, तीस वर्षं उशिरा, मातीत. पोकलेनचा ड्रायव्हर पिवळी माती बादलीनं उलथीपालथी करत होता, दोन मजूर मास्क लावून पोती फोडत होते, वरून पाण्याचा टँकर. दुपारपर्यंत पिवळा रंग जाऊन शेवाळी-तपकिरी चिखल झाला. मग आंबटपणा मारायला चुना. मग पुन्हा बाटली, पुन्हा थेंब. दोन कोपऱ्यांत पुन्हा गुलाबी आलं, तिथं पुन्हा पोती फोडली.

विहीर पुन्हा उकरली. माझ्या पावलांच्या मापात ती चार फूट चुकली होती. राडारोडा निघत गेला तसा दगडी काठ वर आला, पायऱ्या आल्या, आणि खाली तेच पाणी. हळदच. ते उपसून टाकीत हिराकसनं बसवायचं, गाळ रांजणगावला, आणि भोवतीनं तपासणीच्या पाच बोअर. मातीत मँगेनीज असलं तर थोडं क्रोमियम उलटं फिरून परत पिवळं होऊ शकतं, म्हणून एकदा साफ केलं आणि विसरलं असं चालत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी.

या कामामुळं मी वाचायला लागलो. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावात लव्ह कॅनॉल नावाची जागा होती. रसायनांची पिंपं पुरून १९५३ साली कंपनीनं ती एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. वर शाळा झाली, घरं झाली. १९७८ ला लोकांना हलवायची वेळ आली, आणि १९८० ला तिथं अशा जागा साफ करायचा 'सुपरफंड' कायदा झाला. आपल्याकडं दूषित जागांचे नियम निघाले २४ जुलै २०२५ ला. त्याप्रमाणं जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग पुढची सविस्तर, आणि ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा त्याच्याकडं दमडी नसली तर सरकारनं. नियम निघाले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि सफाई सुरू झालेली सात ठिकाणी. बातमी वाचून मी पेपर बायकोला दाखवला. ती म्हणाली, "तुमचा खड्डा आहे का यात?" आमच्यासारखे दोन-तीन गुंठ्यांचे खड्डे यादीत यायला कुणीतरी जाऊन सांगावं लागेल. सांगणारे सगळे साठीच्या पुढचे. मला आमच्याच लाइनीतल्या बंद पडलेल्या आणखी चार प्लेटिंगच्या जागा ठाऊक आहेत. त्यातल्या दोनवर इमारती उभ्या आहेत आणि लोक बोअरच्या पाण्यानं गाड्या धुतात. मी एका सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून बघितलं. ते म्हणाले, "काका, फ्लॅटचे भाव पाडू नका."

आणि मग घरातलंच प्रकरण. गेल्या दिवाळीत पुतणीचा फोन, "काका, तुमच्या जुन्या कंपनीच्या जागेवर टू बीएचके बघितला. घेऊ का?"

काय सांगणार? माझ्या माहितीत या पट्ट्यातली तपासलेली अशी ही एकच जागा. बाकीच्या 'स्वच्छ' जागा कुणी उकरूनच बघितलेल्या नाहीत. मी तिला म्हटलं, ए किंवा बी विंग घे, सी शोषखड्ड्याच्या बाजूला आहे, तिथं खाली नुसतं पार्किंग ठेवलंय तरी थांब. मातीचा अंतिम रिपोर्ट माग, तोंडी नको. बोअरचं पाणी कशालाच वापरायचं नाही असं करारात लिहून घे. बिल्डरचा सेल्सचा पोरगा तिला म्हणाला, असं कुणीच विचारत नाही मॅडम. तिनं विचारलं, तीन आठवड्यांनी कागद मिळाले. मी चष्मा लावून सगळे वाचले, पन्नास पानं. पाचपैकी चार बोअर स्वच्छ. उत्तरेकडच्या बोअरला अजून किंचित गुलाबी येतं. तिचा उपसा आणखी एक पावसाळा चालणार आहे आणि सी विंगचा ताबा तोवर थांबलाय.

पुतणीनं बी विंगमध्ये चौथा मजला घेतला. बिल्डरनं बागेत वरची दीड मीटर माती बाहेरून आणून टाकलीय, तिचाही रिपोर्ट आहे, तोही मी वाचला. गेल्या आठवड्यात वास्तुशांत झाली. तुळशीच्या कुंडीसाठी ती खालून बागेतली माती आणायला निघाली होती.

मी तिला थांबवलं. दिंडोरीला मेहुण्याच्या शेतातली माती पिशवी भरून मी आधीच गाडीत टाकून आणली होती.